प्रकाशात प्रकाश मिळवला तर

ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधील सगळे दिवे मालवले जातात. बाहेर अंगणात पेटवलेल्या नव्या अग्नीवर पास्काची एक मेणबत्ती उजळून धर्मगुरू आत प्रवेश करतात. त्या एका ज्योतीवरून पहिल्या बाकावरची मेणबत्ती, तिच्यावरून दुसऱ्या बाकावरची, असे होता होता सारे मंदिर उजळून निघते. नवी मुंबईतील आमच्या धर्मग्रामात हा विधी आम्ही कित्येक वर्षे पाहत आलो आहोत. आमच्या या वसाहतीत एका बाकावर बसणारी माणसे वसईची, नगरची, गोव्याची, मंगळूरची, केरळची. एकमेकांची भाषा धड न येणारी. पण त्या घटकेस शेजाऱ्याने आपली ज्योत पुढे केली की भाषेवाचून काही अडत नाही. प्रवचनात या दृश्याचा जो अर्थ सांगितला जातो, तोही सर्वांस एकदम पटतो. आणखी एक दिवा लावा, तेवढा अंधार कमी होईल.

आम्ही मात्र तीस वर्षे नेमके याच्या उलट शिकवून पोट भरले आहे. येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असताना बारावीच्या वर्गात दरवर्षी एक दिवस असा येई की आम्ही फळ्यावर लिहीत असू : प्रकाश अधिक प्रकाश बरोबर अंधार. मुले हसत. एका वर्षी आमच्याच धर्मग्रामातील एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, मग ईस्टरला अंधार का होत नाही?” आम्ही पाठ्यपुस्तकातले उत्तर दिले. ते बरोबरही होते. परंतु ते उत्तर केवढे मोठे आहे, हे आम्हांस पुढे कळावयाचे होते, आणि तेही वर्गात नव्हे, आमच्याच घरात.

प्रथम त्या फळ्यावरच्या वाक्याविषयी. ते मूळचे आमचे नव्हे, एका धर्मगुरूचे आहे. फादर फ्रान्सेस्को मारिया ग्रिमाल्डी हे इटलीतील बोलोन्या शहरचे येशूसंघीय. ज्या संघाने फादर थॉमस स्टीफन्स मराठीला दिले, त्याच संघाचे. स्टीफन्स १६१९ मध्ये गोव्यात निवर्तले, त्याच्या आदल्याच वर्षी ग्रिमाल्डी जन्मले. फादर रिच्चोली यांच्यासह त्यांनी चंद्राचा नकाशा तयार केला. १६५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नकाशावरची नावे आजही चालतात, आणि १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तो ‘शांतिसागर’ हे नावही त्यांतलेच. पण त्यांचे खरे काम एका बंद खोलीतले. खिडकीच्या झडपेला अगदी बारीक छिद्र पाडून त्यांनी उन्हाची एक तिरीप आत घेतली आणि तिच्या वाटेत एक बारीक काठी धरली. प्रकाश सरळ रेषेत जातो हे तर सर्वांस ठाऊक होते. त्या हिशेबाने सावली जेवढी रुंद पडावयास हवी होती, त्याहून ती रुंद पडली, आणि तिच्या कडेला रंगीत पट्टे दिसले. अडथळ्याच्या कडेशी प्रकाश किंचित वळतो, पसरतो. या वळण्यास नाव त्यांनीच दिले. मराठीत आपण त्यास विवर्तन म्हणतो. (बारावीचे विज्ञान इंग्रजीतून शिकवले जात असल्याने आमच्या विद्यार्थ्यांना हा शब्द आम्ही सांगेपर्यंत माहीत नसे, याची खंत येथे नोंदवून पुढे जातो.)

त्याच ग्रंथात ग्रिमाल्डी यांनी एक विलक्षण सिद्धान्त मांडला : उजळलेल्या पृष्ठभागावर आणखी प्रकाश पाडला असता तो कधी कधी पूर्वीपेक्षा अधिक काळोखा होतो. हा ग्रंथ छापून आला १६६५ मध्ये. ग्रंथकर्ता १६६३ च्या डिसेंबरात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, देवाघरी गेला होता. ग्रंथाचे दोन भाग आहेत. प्रकाश ही वस्तू आहे असे सुचवणारे नवे प्रयोग पहिल्या भागात सविस्तर दिले आहेत, तर दुसऱ्या भागात त्यांस उत्तर देऊन जुन्या आचार्यांचेच मत संभवनीय ठरवले आहे. काहींना यात भित्रेपणा दिसतो. आम्हांस तो एका प्रामाणिक माणसाचा घोटाळा वाटतो. जे डोळ्यांनी पाहिले ते त्याने लपवले नाही, आणि ज्याचा अर्थ लागला नाही त्याचा अर्थ लागल्याचा आव आणला नाही.

वस्तुतः त्यांनी दोन छिद्रांतून ऊन घेऊन जी काळसर कड पाहिली, ती आज आपण ज्यास व्यतिकरण म्हणतो ते नव्हे. सूर्याचे बिंब विस्तृत असते, आणि त्याच्या निरनिराळ्या भागांतून निघालेल्या प्रकाशाचा परस्परांशी काही करार नसतो. म्हणजे वाक्य खरे, प्रयोग अपुरा. तो पुरा व्हावयास १८०३ साल उजाडले. लंडनचे वैद्य डॉक्टर थॉमस यंग यांनी उन्हाची तिरीप आधी एकाच सूक्ष्म छिद्रातून घेतली आणि तिच्यात एक इंचाच्या तिसाव्या भागाएवढी रुंद कार्डाची पट्टी कडेने उभी केली. पट्टीच्या दोन्ही अंगांनी वळून आलेला प्रकाश तिच्या सावलीत एकत्र आला आणि सावलीच्या आत उजळ-काळ्या रेघा उमटल्या. मग त्यांनी एका अंगाचा प्रकाश आडोसा धरून थांबवला. दुसऱ्या अंगाचा तसाच येत होता, तरी सावलीतल्या रेघा नाहीशा झाल्या. वाचकांनी ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी, ती आम्हांस पुढे लागणार आहे.

हे का होते, ते पाण्यावर पाहता येते. खाडीकाठच्या सखल जमिनीवर हे शहर वसवताना भरतीचे आणि पावसाचे पाणी सांभाळण्यासाठी सिडकोने जागोजाग तलाव राखले. लोक त्यांस होल्डिंग पाँड म्हणतात. वारा पडलेला असताना अशा एखाद्या तलावाच्या काठी दोन काठ्या एकाच लयीत पाण्यावर आपटत राहाव्यात. दोन्हीकडून वर्तुळे पसरतात आणि एकमेकांतून जातात. उंचवट्यावर उंचवटा आला तेथे पाणी दुप्पट उचलते. उंचवट्यावर खळगा आला तेथे ते जागच्या जागी निश्चल राहते. त्या जागी एखादे वाळके पान असेल तर ते दोन लाटांच्या मध्ये असूनही हलत नाही. टोंकिनच्या आखातातील एका बंदरात दोन वाटांनी आलेल्या भरत्या अशाच परस्परांस खोडतात आणि काही दिवशी तेथे पाणी चढतच नाही, याचा उलगडा न्यूटन यांनी १६८७ मध्ये केला होता. पाण्याविषयी ज्यांना हे उमगले, त्यांनीच प्रकाश मात्र कणांचा मानला. थोरांच्याही बुद्धीला कप्पे असतात.

प्रकाशाच्या बाबतीत हा खेळ फार बारीक आहे. प्रयोगशाळेतील सोडियमच्या दिव्याच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम, म्हणजे एका मिलिमीटरात असे सुमारे १७०० तरंग मावतात. एका वाटेने दुसरीपेक्षा अर्ध्या तरंगाचे, म्हणजे एका मिलिमीटरच्या जेमतेम ३४०० व्या भागाचे अंतर अधिक पडले, की उजेडाच्या जागी अंधार.

आणि ईस्टरच्या मेणबत्त्या? त्या मुलीस आम्ही दिलेले उत्तर असे होते की, अंधार निर्माण होण्यास दोन्ही प्रकाशांची लय एकमेकींशी पक्की बांधलेली असावी लागते, आणि तशी ती राहते एकाच उगमातून निघून दोन वाटांनी गेलेल्या प्रकाशाची. एका ज्योतीवरून दुसरी पेटवली तरी दोन्हींचा प्रकाश आपापल्या अणूंतून स्वतंत्रपणे निघतो. त्यांची लय जुळली तरी फार तर सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाइतका वेळ टिकते. डोळ्याला केवळ सरासरी दिसते, आणि सरासरी म्हणजे साधी बेरीज. परके दिवे एकमेकांना कधी खोडत नाहीत. खोडतात ते एका घरचे.

शेवटचे वाक्य आम्ही त्या मुलीला सांगितले नव्हते. ते तेव्हा आम्हांस सुचलेच नव्हते.

आमची आई वडिलांच्या पश्चात वसईची वाडी सोडून आमच्याकडे नेरुळला राहावयास आली. धाकटे बंधू कोपरखैरण्यास राहतात. तिच्या अखेरच्या दोन वर्षांत तिचे हृदय दुबळे झाले होते आणि डॉक्टरांनी मीठ कमी करावयास सांगितले होते. आम्ही शिक्षक. डॉक्टरांचा शब्द म्हणजे शब्द. तिने काय खाल्ले, किती पाणी प्यायली, कोणती गोळी केव्हा घेतली, याची आम्ही वही ठेवली होती. बंधूंचे म्हणणे, ब्याऐंशी वर्षांच्या बाईचे तोंड बेचव करून तिला जगवावयाचे ते कशासाठी? ते रविवारी मिस्सा आटोपून येत आणि येताना हटकून भाजलेले सुके बोंबील आणीत. आम्ही तिला धरून चार पावले चालवावयाचे, कारण डॉक्टरांनी सांगितले होते. ते म्हणत, पडू दे तिला निवांत, आणि तिचे पाय चेपीत बसत. धुळीसाठी आम्ही खिडकी लावून घ्यावी, वाऱ्यासाठी त्यांनी ती उघडावी. भांडण असे कधी झाले नाही. आवाज चढला नाही. दोघेही तिच्यावर जीव टाकत होतो, हे तिलाही माहीत होते.

एका संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींनी ती वही आमच्यापुढे ठेवली. “रविवार बघा,” एवढेच त्या म्हणाल्या. सोमवारी अर्धी भाकरी, मंगळवारी पेज, बुधवारी भात आणि डाळ. रविवारच्या रकान्यात काही नाही. पुढचा आठवडा तसाच, त्याच्या पुढचाही. आम्ही दोघे तिच्या खाटेच्या दोन अंगांस असलो की ती जेवत नसे. भिंतीकडे तोंड करून निजत असे. ज्या दिवशी तिच्यावर दुप्पट माया होत होती, नेमका तो दिवस कोरा जात होता.

येथे आमचे चिंतन सुरू झाले, आणि ते प्रथम एका जुन्या प्रश्नापाशी जाऊन थांबले. संत ऑगस्टीन तारुण्यात सुमारे नऊ वर्षे मानीच्या पंथात होते. प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वे असून त्यांच्या झगड्यातून हे जग झाले आहे, अशी त्या पंथाची शिकवण. पुढे ख्रिस्ती झाल्यावर ऑगस्टीन यांनी ती खोडून काढली. वाईट ही काही वस्तू नव्हे, तो चांगल्याचा अभाव आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले, आणि ख्रिस्तसभेचा विचार पुढे बव्हंशी याच वाटेने गेला. मग व्यतिकरणाच्या काळ्या पट्टीने ऑगस्टीन खोटे ठरतात काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या पट्टीत काळे असे काही येऊन बसलेले नसते. तेथे खरोखरीच केवळ अभाव आहे. चूक आहे ती त्यावरून आपण झटपट काढतो त्या अनुमानात. अंधार म्हणजे उजेडाचा अभाव, म्हणून जेथे अंधार आहे तेथे दिवा कमी पडला असला पाहिजे, असे आपण धरून चालतो. काळी पट्टी सांगते की अभाव काय आहे हे एक आणि तो कशाने झाला हे दुसरे. त्या जागी दोन दिव्यांचा प्रकाश पोहोचलेला असतो. तेथे आणखी जोर लावून काही उपयोग नाही. दोन्ही दिव्यांची वात सारखीच मोठी केली, तरी काळे ते काळेच राहते.

आम्ही मात्र वात मोठी केली. रविवारी अधिक लवकर उठून तिच्यासाठी अधिक चांगले, अळणी पण चवदार असे काही करवून घेऊ लागलो. बंधूंनीही बहुधा तेच केले असावे, कारण बोंबलांबरोबर आता करंदीही येऊ लागली.

शेजाऱ्यांचे मात्र निराळेच चालले होते. समोरच्या केरळी बाई कधी पेज आणीत, तर खालच्या मजल्यावरच्या, करावे गावच्या आगरी बाई तांदळाची भाकरी आणि कालवण. त्यांना ना आमची वही ठाऊक, ना बंधूंची मते. त्यांच्या पदार्थांत मीठ किती असे, ते देवास ठाऊक. तरी त्यांनी आणलेले आई खात असे, आणि आमच्या हातचे त्यामुळे कमी खात नसे. त्यांची माया आमच्या मायेत साधी मिळवली जात होती. बेरीज होत होती. त्या परक्या होत्या म्हणून, असे आम्हांस आता वाटते. त्यांना आमच्यावर काही सिद्ध करावयाचे नव्हते. आम्हां दोघा भावांना होते. एकाच पोटी जन्मलो, एका ताटात जेवलो, एका बाकावर बसून धर्मशिक्षण घेतले. आमच्या दोघांची लय जन्मापासून परस्परांशी बांधलेली, आणि आता ती नेमकी अर्ध्या तरंगाने चुकली होती. फरक तो केवढा! चिमूटभर मिठाचा.

एका रविवारी आई भिंतीकडूनच म्हणाली, “दोघे एकदम येऊ नका रे. एकेकटे या.”

आम्ही तिला समजावू लागलो की, आम्ही येथेच राहतो, आम्ही ‘येणार’ कोठून. बंधू काहीच बोलले नाहीत. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. कामावरून परतताना बुधवारी तासभर येऊ लागले, तेही आम्ही शिकवणीच्या वर्गास गेलेलो असताना. रविवारचा रकाना भरू लागला. प्रथम पेज, मग अर्धी भाकरी. वहीतील तो फरक पाहून आम्हांस जो आनंद झाला, तो सांगावयास आज लाज वाटते. आमच्या शिस्तीचा हा विजय आहे, असे आम्ही मानले. इतकेच नव्हे, धाकट्याचे आताशा आईकडे लक्ष राहिलेले नाही, असे दोन-तीन नातेवाइकांपाशी बोलूनही गेलो. डॉक्टर यंग यांचा तो आडोशाचा प्रयोग आम्ही तीस वर्षे शिकवला होता. एका अंगाचा प्रकाश थांबवला की काळ्या रेघा जातात, हे मुलांकडून पाठ करून घेतले होते. घरात तोच प्रयोग आमच्या डोळ्यांदेखत झाला, आणि आम्ही त्याचे श्रेय उरलेल्या दिव्याला दिले.

ज्याने आडोसा होऊन स्वतःला थांबवले, त्याचा उजेड कोणत्याही वहीत नोंदला जात नाही. सेवेचा आपला हिशेब केलेल्या गोष्टींचा असतो : किती वेळ बसलो, काय दिले, किती खर्च केला. कबुलीजबाबाच्या वेळी आपण ‘करावयाचे ते केले नाही’ याची आठवण काढतो, आणि ती काढलीच पाहिजे. पण ‘चांगले तेच केले, आणि थांबावयाचे तेव्हा थांबलो नाही’ हे पाप कोणत्या आज्ञेखाली घालावयाचे?

यावर सुज्ञ वाचक दोन आक्षेप घेतील. आम्हीही ते स्वतःशी घेतले आहेत. पहिला असा की, तरंगांना इच्छा नसते आणि माणसांना असते. तेव्हा पदार्थविज्ञानातून नीती काढणे हा शब्दांचा खेळ आहे. हे आम्हांस मान्य आहे. प्रकाशाचा कोणताही नियम कोणास चांगले वागावयास सांगत नाही. परंतु चांगुलपणाविषयी बोलताना आपण आधीपासूनच प्रकाशाची उपमा वापरत आहोत, आणि ती वापरावयाची तर पुरती वापरली पाहिजे. अर्धा प्रकाश शुभवर्तमानाला आणि उरलेला परीक्षेच्या पेपराला, अशी वाटणी करता येत नाही. शिवाय माणसाला इच्छा असते म्हणूनच त्याची जबाबदारी मोठी. तरंगाला काळी पट्टी दिसत नाही. आम्हांला ती वहीत दाखवली गेली होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकाने माघार घ्यावी हाच उपाय असेल, तर दोघांनी मिळून काही करावयाचेच नाही काय? येथे हिशेबाची एक बाजू सांगणे राहिले आहे. काळ्या पट्टीतला प्रकाश नष्ट होत नाही. निसर्गात तशी उधळपट्टी नाही. दोन सारख्या वाटांनी पडद्यावर रुपया-रुपयाचा प्रकाश येत असेल, तर काळ्या पट्टीच्या मध्यावर शून्य पडते, पण लगतच्या उजळ पट्टीच्या मध्यावर दोनाऐवजी चार रुपये जमा होतात. सरासरी दोनच. एक वाट बंद केली की शून्य जाते, तसे चारही जातात. आमच्या घरी नेमके तेच झाले. रविवारी सायंकाळी आम्ही दोघे भाऊ तिच्या खाटेशी बसून रोझरी म्हणत असू, तेव्हा तीच आई, जी दुपारभर भिंतीकडे तोंड करून निजलेली असे, उशीला टेकून बसे आणि प्रत्येक गूढाची सुरुवात स्वतः करी. लितानीच्या वेळी तिचा आवाज असा काही लागे की शेजारच्या खोलीतली नातवंडे मोबाईल खाली ठेवून ऐकत. बंधूंचे रविवार बंद झाले तेव्हा दुपारचा अंधार गेला, आणि सायंकाळचा तो आवाजही गेला. आमच्या एकट्याच्या प्रतिसादाला ती हळू आवाजात उत्तर देई, आणि मध्येच झोपी जाई.

आडोशाखेरीज दुसरा एक उपाय पुस्तकात आहे. एका वाटेत अभ्रकाचे पातळ पान धरले की त्या प्रकाशाची लय किंचित मागे पडते आणि सारे पट्टे सरकतात. काळ्याच्या जागी उजळ येते. दोघांपैकी एकाने आपला आग्रह अर्ध्या तरंगाने मागे घेतला असता, तर आई रविवारी दुपारीही जेवली असती, असे आम्हांस पुष्कळदा वाटते. मात्र पट्टे सरकतात, नाहीसे होत नाहीत. काळे दुसरीकडे कोठे तरी पडणारच. कदाचित ते आमच्या सौभाग्यवतींच्या वाट्याला गेले असते, ज्यांना मग दोन प्रकारचा स्वयंपाक करावा लागला असता. तरी खाटेवरच्या माणसावर पडण्यापेक्षा ते उभ्या माणसांवर पडलेले बरे, एवढे तारतम्य आम्हांस सुचावयास हवे होते.

याहून खोल एक गोष्ट आहे. ती आम्ही भीतभीतच लिहितो. १९०९ मध्ये केंब्रिजला जेफ्री टेलर नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने एका शिवणाच्या सुईची सावली अतिशय मंद प्रकाशात छायाचित्रावर घेतली. प्रकाश इतका मंद की एका चित्रास सुमारे तीन महिने लागले. प्रकाशाचे दोन कण एका वेळी वाटेत भेटण्याचा संभव जवळजवळ नव्हता. तरी पट्टे जसेच्या तसे उमटले. म्हणजे दुसरा दिवा नसला तरी भागते. एकटा कणही दोन्ही वाटांचा हिशेब बरोबर घेऊन येतो. हे वाचताना बंधूंचा विषय आमच्या मनातून निघून जातो आणि केवळ आम्हीच उरतो. आईच्या तोंडी घास देणारा आमचा हात एकच होता. पण तो हात आईवरच्या मायेने पुढे होत होता, आणि बंधूंपेक्षा आपण बरे पुत्र आहोत हे तिच्याकडून वदवून घेण्यासाठीही. दोन्ही वाटा एकाच अंतःकरणातून निघालेल्या. तिने घास नाकारला तो बोंबलामुळे की या दुसऱ्या वाटेमुळे, हे तिला विचारण्याची आता सोय नाही.

वाशीची खाडी ओलांडून मुंबईकडे निघाले की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागते. २०१५ च्या जुलैमध्ये या केंद्राच्या यजमानपदाखाली मुंबईत सेहेचाळिसावे आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड भरले आणि ऐंशीहून अधिक देशांतील मुले आली. त्यांना प्रात्यक्षिकासाठी जे दोन प्रश्न घातले गेले, ते दोन्ही विवर्तनाचेच होते. एकात पाण्यावरच्या सूक्ष्म लहरींवरून परावर्तित झालेला लेझरचा प्रकाश पाहून पाण्याचे पृष्ठताण आणि श्यानता काढावयाची होती. दुसऱ्यात मळसूत्री स्प्रिंगवर लेझर टाकून पडद्यावरच्या ठिपक्यांवरून स्प्रिंगची मापे काढावयाची होती. १९५२ मध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत घेतलेल्या क्ष-किरणांच्या ज्या छायाचित्रामुळे आनुवंशिकतेच्या रेणूचा आकार उमगण्यास मोठे साहाय्य झाले, त्याचीच ही साध्या प्रकाशातील प्रतिकृती. आम्हांस त्या प्रश्नपत्रिकेत आवडली ती एक गोष्ट. वस्तू इतकी बारीक असते की तिला पट्टी लावता येत नाही. माप काढावयाचे ते उजेडात पडलेल्या काळ्या जागा मोजून. काळ्या जागा पुसून टाकल्या तर वस्तूविषयी काहीच कळणार नाही.

आई गेली त्या वर्षीच्या मृतांच्या महिन्यात बंधू आमच्याकडे आले. कबरीवर फुले घालावयास वसईस जाण्याचे ठरवावयाचे होते. तिच्या कपाटातील वस्तू तशाच होत्या. प्रार्थनेच्या पुस्तकात खुणेच्या रिबिनीपाशी तिचा एक पांढरा केस सापडला. दोघांनाही काही बोलवेना. मग वर्गात मुलांस दाखवावा तो प्रयोग आम्ही काढला. पोस्टकार्डाला भोक पाडून त्यावर तो केस दोन्ही टोकांस चिकटपट्टीने ताणून बसवला, खिडक्या लावून घेतल्या आणि लाल लेझर त्यावर धरला. (मुलांच्या हाती ही वस्तू देऊ नये, डोळ्यांस धोका असतो.) तिची खाट जिला लागून होती त्या भिंतीवर, मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंस, लाल रेघ उमटली आणि तिच्यात सारख्या अंतरावर काळे खंड पडले.

आम्ही चुकीचे बोललो होतो ते नातेवाइकांपाशी, हे त्या अंधारात बंधूंना सांगितले. ते म्हणाले, “माझ्या कानावर आलं होतं, दादा.” थोड्या वेळाने त्यांनी सौभाग्यवतींकडून शिवणाची टेप मागून घेतली. कार्डापासून भिंत ३ मीटर २० सेंटिमीटर होती. त्यांनी भिंतीपाशी वाकून एका काळ्या खंडापासून दुसऱ्यापर्यंत टेप धरली, दोनदा तपासली, आणि आकडा सांगितला : ३.२ सेंटिमीटर. आम्ही तो वहीत लिहिला. लाल प्रकाशाची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर धरून भागाकार केला. मिलिमीटरचे ०.०६५.

“एवढा बारीक?” बंधू म्हणाले, आणि पुन्हा मोजावयास वाकले.